वॅफ कोणता घ्यावा: मॉडसेक्युरिटी, क्लाउडफ्लेअर, एडब्ल्यूएस की भारतीय मॅनेज्ड सेवा? (गेस्टहाऊस बुकिंग, गोवा)

कुळागर, फोंडा

नमस्कार मंडळी. चतुर्थीची गडबड सरली. आता ऑक्टोबरात चार्टर विमानं सुरू व्हायच्या आत कोणता वॅफ (साइटपुढे बसून घातक विनंत्या अडवणारी गाळणी) घ्यावा हा प्रश्न निकाली काढायचा आहे. जरा सविस्तर लिहितो, सांभाळून घ्या.

आम्ही दोघे मिळून कळंगूटपासून आगोंदपर्यंतच्या १४ गेस्टहाऊसांच्या साइट आणि बुकिंग सांभाळतो. नऊ साइट वर्डप्रेसवर आहेत. उरलेल्या पाचांसाठी आम्हीच लॅरावेलमध्ये (पीएचपीची चौकट) पोर्टल लिहिलंय. सगळं एडब्ल्यूएसच्या (अमेझॉनच्या क्लाउडच्या) मुंबई रीजनमधल्या दोन ईसी-टू मशीनवर (भाड्याच्या सर्व्हरवर), पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर. डोमेन मात्र प्रत्येकाचं वेगळं.

गेल्या डिसेंबरात, २७ तारखेला रात्री साडेदहाला, एका मालकीणबाईंचा फोन आला. "बाबा, माझी साइट उघडली की खेळायचे पत्ते दिसतात." मी लॅपटॉपवर उघडून पाहिली तर सगळं ठीक. म्हटलं, तुमच्या फोनमध्येच काहीतरी असेल. त्यांनी शेजारच्या मुलाचा फोन घेतला आणि व्हिडिओ कॉलवर मला दाखवलं. गूगलवर गेस्टहाऊसचं नाव शोधलं, निकालावर बोट ठेवलं, आणि जुगाराचं पान उघडलं. पत्ता हाताने टाकला तर साइट नीट दिसायची. आम्ही रोज पत्ता टाकूनच तपासत होतो, त्यामुळे किती दिवस हे चाललं होतं तेही आम्हाला आधी कळलं नाही. चौकशी फॉर्मच्या प्लगइनमध्ये एसक्यूएल इंजेक्शनची (फॉर्ममधून डेटाबेसला आज्ञा घुसवायची) फट होती. तिचं अपडेट अकरा दिवस आधी आलेलं, पण ऐन सीझनमध्ये साइट मोडेल म्हणून आम्ही ते लावलं नव्हतं. चूक आमचीच. साफसफाईला तीन दिवस लागले आणि ते तीन दिवस वर्षातले सगळ्यात महागाचे होते.

यंदा वॅफ लावायचाच असं ठरवलंय. चार पर्याय समोर आहेत: एनजिनएक्सवर मॉडसेक्युरिटी (फुकटचं वॅफ इंजिन) आणि ओवॅस्प या सुरक्षा संस्थेचा कोअर रूल सेट (तयार नियमांचा संच), क्लाउडफ्लेअर प्रो, एडब्ल्यूएस वॅफ, किंवा एखादी भारतीय मॅनेज्ड सेवा (नियम त्यांचीच माणसं सांभाळतात). आमच्या तीन अडचणी अशा. परदेशी पाहुण्यांच्या मुक्कामाची माहिती सरकारला कळवावी लागते (सगळे त्याला सी फॉर्मच म्हणतात), म्हणून ते पोर्टलवर पासपोर्टचे फोटो चढवतात. अभिप्राय मराठी-कोंकणीतूनही येतात. आणि आमच्यात पूर्णवेळ सिक्युरिटीवाला कोणी नाही.

बार्देशी

कुळागरबाब, डोकं फार शिणवू नका, क्लाउडफ्लेअर घ्या. नेमसर्व्हर बदलले की झालं, सर्व्हरला हातही लावावा लागत नाही. फुकटच्या योजनेतही नियमांचा एक छोटा संच मिळतो. प्रोमध्ये त्यांचा पूर्ण मॅनेज्ड संच आणि ओवॅस्पचा संच दोन्ही. वर्षाचे पैसे एकदम भरले तर महिना २० डॉलर.

पण एक काम विसरू नका. नेमसर्व्हर बदलल्यानंतरही तुमच्या मशीनचा जुना आयपी जगाला माहीत असतो. डीएनएसचा इतिहास दाखवणाऱ्या साइट आहेत, मेलचा रेकॉर्ड त्याच आयपीकडे बोट दाखवत असतो, कोणीतरी "डायरेक्ट" नावाचा सबडोमेन कधीकाळी करून ठेवलेला असतो. हल्लेखोर क्लाउडफ्लेअरला वळसा घालून सरळ मशीनवर येतो. त्यामुळे सिक्युरिटी ग्रुपमध्ये (एडब्ल्यूएसच्या फायरवॉलमध्ये) ८० आणि ४४३ हे पोर्ट फक्त क्लाउडफ्लेअरच्या आयपी रेंजना उघडे ठेवा, नाहीतर त्यांचा टनेल (मशीनच आतून क्लाउडफ्लेअरला जोडणी करते) वापरा. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं, अशा किती साइट मी पाहिल्यात.

आणि लॉगमध्ये खरा आयपी येईल अशी सोय त्याच दिवशी करा. आमच्याकडे ती राहून गेली होती. फेल-टू-बॅनने (लॉग पाहून संशयास्पद आयपी बंद करणाऱ्या साधनाने) क्लाउडफ्लेअरचेच आयपी बंद केले आणि अर्धा तास कोणालाच साइट दिसेना.

सांगेची

मी कोअर रूल सेट दोन वर्षं चालवला आहे, एका मराठी वाचनालयाच्या साइटवर. त्याबद्दल नीट सांगते, कारण देवनागरीचा मुद्दा इथे कोणी बोलणार नाही आणि नेमका तोच तुम्हाला चावेल.

कोअर रूल सेटमध्ये पॅरानोया लेव्हल असते, १ ते ४. जितकी वर न्याल तितके नियम कडक. प्रत्येक नियम जुळला की विनंतीला गुण मिळतात: गंभीर नियमाला ५, त्याखालच्यांना ४, ३, २. बेरीज ५ झाली की मूळ सेटिंगप्रमाणे विनंती अडते. म्हणजे एक गंभीर नियम जुळला तरी पुरे.

मला वाटलं, सरकारी अनुदानावर चालणारं वाचनालय आहे, जास्तीत जास्त सुरक्षा असू दे. लेव्हल ३ लावली. दुसऱ्या दिवशी एका आजोबांचा फोन, "अभिप्राय जात नाही." मी त्यांच्याकडून अक्षरन् अक्षर विचारून घेतलं. त्यांनी लिहिलं होतं, "पुस्तक आवडले." एवढंच! त्याला ४०३, म्हणजे "परवानगी नाही". लॉग उघडला तर नियम क्रमांक ९२०२७२. हा नियम लेव्हल ३ ला चालू होतो आणि साध्या आस्कीच्या (इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं) छापील अक्षरांपलीकडचा कुठलाही बाइट दिसला की अडवतो. यूटीएफ-८ मध्ये (मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रासुद्धा, तीन बाइटचं, आणि तिन्ही त्या मर्यादेपलीकडचे. म्हणजे लेव्हल ३ वर मराठीत एक "अ" सुद्धा लिहिता येत नाही. नियमात चूक नाही, तो इंग्रजी-फक्त फॉर्म असणाऱ्यांसाठी बरोबरच आहे. चूक माझी, मी न वाचता लेव्हल वाढवली.

त्यानंतर लेव्हल १ वर आले, आधी नुसतं डिटेक्शन ओन्ली (अडवायचं नाही, फक्त नोंद) लावून पंधरा दिवस लॉग वाचला, मग ब्लॉक सुरू केलं. आजतागायत नीट चाललंय.

मॉडसेक्युरिटीबद्दल जुने लेख वाचून घाबरू नका. ते सांभाळणाऱ्या ट्रस्टवेव्ह कंपनीने पाठिंबा काढणार असं जाहीर केलं होतं हे खरं, पण जानेवारी २०२४ मध्ये प्रकल्प ओवॅस्पकडे आला आणि काम चालू आहे. गो भाषेत लिहिलेलं कोराझा हे दुसरं इंजिनही आता ओवॅस्पचाच, आणि तेच नियम तिथेही चालतात. नियमांचा संच हीच खरी ठेव, इंजिन बदलता येतं.

पण खरं सांगू? दर आठवड्याला तासभर लॉग वाचायला कोणी नसेल तर हा मार्ग धरू नका.

डोंगरमाथा

तुमची मशीन एडब्ल्यूएसवर आहेत तर हिशेब मांडून पाहूया.

एडब्ल्यूएस वॅफ थेट ईसी-टूला लागत नाही. पुढे अ‍ॅप्लिकेशन लोड बॅलन्सर (विनंत्या मशीनमध्ये वाटणारा) किंवा क्लाउडफ्रंट (एडब्ल्यूएसचं सीडीएन) लागतो, त्याचा खर्च वेगळा. वॅफचा स्वतःचा दर असा: वेब एसीएलला (नियमांच्या एका यादीला) महिना ५ डॉलर, त्यातल्या प्रत्येक नियमाला किंवा मॅनेज्ड गटाला १ डॉलर, दर दहा लाख विनंत्यांना ६० सेंट. समजा पाच मॅनेज्ड गट, तीन स्वतःचे नियम आणि महिन्याला तीस लाख विनंत्या. ५ अधिक ८ अधिक १.८०, म्हणजे पंधरा डॉलरच्या आत.

आता मुद्दा इथे आहे. बार्देशींनी सांगितलेले २० डॉलर हे *एका डोमेनचे*. तुमची १४ आहेत. ते झाले २८० डॉलर महिना. एडब्ल्यूएसमध्ये एका लोड बॅलन्सरमागे चौदाही डोमेन बसतात आणि एसीएल एकच. बॅलन्सरचा खर्च धरूनही मोठा फरक पडतो.

गट निवडताना क्षमतेचं बंधन पाहा. एका एसीएलला १५०० युनिट मूळ दरात मिळतात. कोअर गट ७००, नोन बॅड इनपुट्स २००, एसक्यूएल २००, पीएचपी १००, वर्डप्रेस १००. बेरीज १३००, बसतं.

आणि पासपोर्टचं. कोअर गटात एक नियम आहे, विनंतीची बॉडी (तिच्याबरोबर आलेला मजकूर, फाइल) ८ केबीपेक्षा मोठी असली की अडवतो. फोनवर काढलेला पासपोर्टचा फोटो दोन-तीन एमबीचा. म्हणजे पहिल्या दिवसापासून एकही पाहुणा फोटो चढवू शकणार नाही आणि रिसेप्शनवरच्या पोराला वाटेल इंटरनेट गेलं. लोक वैतागून तो नियमच काढून टाकतात, ते करू नका. लोड बॅलन्सरवर वॅफ बॉडीचा पहिला ८ केबी भागच तपासतो, त्यामुळे मर्यादा काढली की पुढे ८ केबी कचरा भरून मागे हल्ला लपवता येतो. त्या एका नियमाला काउंटवर टाका, म्हणजे अडवायचं नाही, नुसतं मोजायचं. तो विनंतीला लेबल (खूण) लावतो. मग आपला एक नियम लिहा: हे लेबल आहे आणि पत्ता पासपोर्ट अपलोडचा *नाही*, तर अडवा.

बार्देशी

डोमेनमागे दर, हे मी लिहायला हवं होतं. माझी एकच साइट, म्हणून ध्यानात आलं नाही. अजून एक भर घालतो. क्लाउडफ्लेअरमध्ये नियम नुसते "लॉग" करून पाहायची सोय एंटरप्राइझ योजनेतच आहे. प्रोवर रंगीत तालीम करता येत नाही, नियम थेट लागतात. तिथे अडवण्याऐवजी चॅलेंज (माणूसच आहे ना याची चाचणी) ठेवून सुरुवात करावी लागते. सांगेचींसारखं पंधरा दिवस लॉग वाचून मग ब्लॉक, हे मॉडसेक्युरिटी आणि एडब्ल्यूएस दोन्हीकडे जमतं.

मांडवीपार

मला क्लाउडफ्लेअरची वेगळीच भीती वाटते. २ जुलै २०१९ ला त्यांच्याच वॅफमधल्या एका रेग्युलर एक्स्प्रेशनने जगभरचे सीपीयू १०० टक्क्यांवर नेले होते. १८ नोव्हेंबर २०२५ ला बॉट मॅनेजमेंटच्या (यांत्रिक भेटी ओळखण्याच्या) एका फाइलचा आकार वाढला आणि पुन्हा अर्धं इंटरनेट बसलं. लगेच ५ डिसेंबरला वॅफच्या बदलामुळे पंचवीसेक मिनिटं गेली. डिसेंबर म्हणजे आपला भर सीझन.

सांगेची

मांडवीपार, तारखा बरोबर आहेत. पण ५ डिसेंबरचा बदल कशासाठी चालला होता तेही पाहा. रिअ‍ॅक्टच्या सर्व्हर कंपोनंटमध्ये (साइट बांधायच्या एका लोकप्रिय साधनात) अतिगंभीर फट सापडली होती आणि आपापल्या साइट दुरुस्त करायला लोकांना वेळ मिळावा म्हणून घाईने संरक्षण लावणं चालू होतं. २०२१ च्या डिसेंबरात लॉगफोरजे या जावा लायब्ररीतल्या फटीच्या वेळीही असंच. ज्यांच्यापुढे वॅफ होता त्यांना अपडेट करेपर्यंत थोडी उसंत मिळाली. कुळागरबाबांचे ते अकरा दिवस आठवा. पंचवीस मिनिटं साइट बंद आणि अकरा दिवस साइट उघडी, यातलं मी तरी पहिलं पत्करेन.

खाजनकाठ

मी एका मध्यम हॉटेलात आयटी बघतो. गोव्यातल्या धंद्याला लागू पडतील अशा दोन गोष्टी सांगतो, दोन्ही आमच्याकडे घडल्या.

पहिली. बाहेरच्या सल्लागाराने सांगितलं, हल्ले अमुक देशांतून येतात, तेवढे देश बंद करा. यादीत रशिया होता. आम्ही बंद केला. पंधरा दिवसांनी फ्रंट ऑफिसची मुलगी म्हणाली, यंदा रशियन बुकिंग आलीच नाहीत. आलीच नाहीत कशी, दारच लावून घेतलं होतं! दिल्लीच्या दुकानाला हा सल्ला चालेल, मोरजी-हरमलच्या धंद्याला नाही. हल्ला करणारा तसाही दुसऱ्या देशातून फिरून येतो.

दुसरी. त्याच सल्लागाराने हाताने एक नियम लिहिला होता: फॉर्ममध्ये एकेरी अवतरणचिन्ह आलं की अडवा, एसक्यूएल इंजेक्शन थांबतं. आपल्या राज्यात! डि'सोझा, डि'मेलो, डि'कॉस्टा, सगळे बाहेर. माझ्याच एका सहकाऱ्याला स्वतःचं आडनाव लिहून फॉर्म भरता येईना. तो मला म्हणाला, "नावच बदलून घेऊ का?" आणि मला काय बोलावं कळेना. चांगले नियम एकट्या चिन्हावर अडवत नाहीत, चिन्हाच्या आजूबाजूला काय आहे तेही पाहतात. पण चाचणीच्या यादीत डि'सोझा पहिला घाला.

रेट लिमिट (एका आयपीवरून किती विनंत्या घ्यायच्या याची मर्यादा) लावाल तेव्हा ध्यानात ठेवा, मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच आयपीमागे बसवतात. बुकिंगच्या पानावर मर्यादा सैल, लॉगिनच्या पानावर घट्ट.

मॅनेज्ड सेवेबद्दल: आम्ही शेवटी तिकडेच गेलो, इंडसफेसचं अ‍ॅपट्राना. महाग पडतं, पण नवी फट आली की तिच्यासाठी नियम लिहायला तिकडे माणसं बसलेली असतात आणि रात्री दोनला फोन केला तर उचलतात. आमच्याकडे लॉग वाचणारा मी एकटा, रजेवर गेलो की कोणी नाही, म्हणून हा खर्च मॅनेजमेंटला पटला. तुम्ही कार्डाचा नंबर स्वतःच्या पानावर घेत असाल तर पीसीआयच्या (कार्ड सुरक्षेच्या मानकाच्या) ६.४.२ प्रमाणे ३१ मार्च २०२५ पासून असं काहीतरी पुढे असणं सक्तीचंच आहे.

कुळागर

कार्ड गेटवेच्या पानावरच भरलं जातं, आमच्याकडे येत नाही. बाकी सगळ्यांचे मनापासून आभार. डि'सोझाचं वाचून घाम फुटला, आमच्या १४ मालकांतले पाच तसेच आहेत.

नवेवाडे

मी साइट तपासून देण्याचं काम करतो, विकत काही नाही. कुळागरबाब, वॅफ घेण्याआधी आज रात्री एक करून बघा. पोर्टलवर एका पाहुण्याच्या खात्यातून लॉगिन करा, त्याचं बुकिंग उघडा आणि पत्त्यातला बुकिंगचा आकडा एकाने वाढवा. काय दिसतं?

हे मी विचारतो, कारण वर लिहिलेल्या चारही पर्यायांपैकी एकालाही ते दिसणार नाही. विनंती स्वच्छ असते. त्यात स्क्रिप्ट नाही, एसक्यूएल नाही, नुसता एक आकडा. तो पाहुणा त्या बुकिंगचा मालक आहे की नाही हे फक्त तुमचा कोड सांगू शकतो. आणि तुमच्याकडे पासपोर्ट आहेत.

कुळागर

नवेवाडे, रात्री साडेअकराला करून बघितलं. दुसऱ्याचं व्हाउचर उघडलं. नाव, तारखा, खाली पासपोर्टचा फोटो. हात थंड पडले. इथे आता लिहितोय ते दुरुस्त करून झाल्यावरच.

फोटोचं पान एका ठिकाणी मालकी तपासत होतं, व्हाउचरचं पान तपासतच नव्हतं. लॅरावेलची पॉलिसी (कोणाला काय बघता येईल हा नियम) लिहिलेली होती, त्या एका कंट्रोलरला (पान चालवणाऱ्या कोडला) लावायची राहिली होती. भागीदाराला उठवलं, पहाटे तीनपर्यंत सगळे कंट्रोलर एकेक करून पाहिले. अजून एक सापडला. फोटो आता वेगळ्या खासगी बकेटमध्ये (एडब्ल्यूएसच्या एस-थ्री साठवणीतला कप्पा), पाच मिनिटांत संपणाऱ्या लिंकवर, आणि मुक्काम संपल्यावर ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जातात.

नवेवाडे

छान केलंत. आता जुने लॉग काढा. कोणी एका खात्यातून ओळीने आकडे चालून गेलंय का ते बघा. तसं दिसलं तर सर्ट-इनला (सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला) सहा तासांत कळवावं लागतं, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे. त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायचेत. वॅफचे लॉगही त्यातच धरा.

कुळागर

पाहिले. हातात असलेल्या सगळ्या लॉगमध्ये एका खात्यातून दोनपेक्षा जास्त वेगळी बुकिंग उघडलेली दिसली ती फक्त आमच्या चाचणीच्या खात्यातून. पण लॉग होते ९० दिवसांचेच, त्यामागचं काही सांगता येत नाही. मालकांना सगळं स्पष्ट सांगितलं. एकजण रागावले, त्यांचा राग रास्त आहे.

कुळागर

तीन आठवड्यांनी परत लिहितोय, धागा अर्धवट राहू नये म्हणून.

एडब्ल्यूएस वॅफ घेतला. लोड बॅलन्सर लावला, चौदाही डोमेन त्यामागे, मशीनचे पोर्ट बॅलन्सरशिवाय सगळ्यांना बंद. डोंगरमाथांनी सांगितलेले पाच गट घेतले आणि सगळे काउंटवर ठेवून सुरुवात केली. लॉग मुंबईतल्या एस-थ्री बकेटमध्ये १८० दिवस. (बकेटचं नाव "एडब्ल्यूएस-वॅफ-लॉग्ज" अशाच सुरुवातीचं लागतं, त्यात माझा तास गेला.)

पंधरा दिवसांच्या लॉगमध्ये ८ केबीवाला नियम सगळ्यात वर, अपेक्षेप्रमाणे, आणि जवळजवळ सगळ्या विनंत्या पासपोर्टच्या. दुसरी गोष्ट मनात आली नव्हती: एक मालक स्वतःच्या साइटवर वर्डप्रेसमधून नकाशा चिकटवत होते, तो आयफ्रेम (दुसऱ्या साइटचं पान आत दाखवणारा तुकडा) क्रॉस-साइट स्क्रिप्टिंगच्या (पानात परका कोड घुसवण्याच्या) नियमात सापडत होता. ब्लॉक लागलं असतं तर त्यांना आपल्याच साइटवर नकाशा लावता आला नसता. अ‍ॅडमिनपुरती सूट दिली, तीही लॉगिन झालेल्यांनाच. मराठी अभिप्राय सगळे पार झाले. डि'सोझा, डि'मेलो चौदाही फॉर्मवर भरून पाहिले, गेले. रशियाला हात लावला नाही.

वर्डप्रेसचे प्लगइन आता दर मंगळवारी दुपारी, आधी एका नक्कल साइटवर आणि मग सगळीकडे. सीझन असो वा नसो.

परवापासून ब्लॉक चालू आहे. अडवलेल्या पानावर आता कोरा ४०३ येत नाही. मराठी, इंग्रजी आणि रशियन अशा तीन भाषांत दोन ओळी आणि आमचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर येतो. सकाळचा लॉग मी वाचतो, रात्रीचा फोन भागीदाराकडे, आठवड्याने अदलाबदल. काल संध्याकाळी पहिला मेसेज आला, पाळोळ्याच्या एका पाहुण्याचा. त्याने "विशेष विनंती"च्या रकान्यात हॉटेलच्या जुन्या ईमेलचा अख्खा एचटीएमएल मजकूर चिकटवला होता. सात मिनिटांत त्याचं बुकिंग हाताने भरून दिलं.

सांगेची

त्या रकान्यासाठी नियमाला सूट देऊ नका हं. फॉर्मवरच चिकटवलेल्या मजकुराचे टॅग काढून टाका आणि सर्व्हरवर पुन्हा तपासा. आणि तीन भाषांतल्या त्या दोन ओळी इथे टाकाल का? आमच्या वाचनालयाला हव्यात.

कुळागर

टॅगचं आजच करतो. मराठी ओळी अशा: "आमच्या सुरक्षा यंत्रणेने तुमची विनंती चुकून थांबवली असेल. कृपया खालच्या नंबरवर वेळ आणि गेस्टहाऊसचं नाव कळवा, आम्ही लगेच पाहतो." रशियन मजकूर एका मालकांच्या ओळखीच्या बाईंनी तपासून दिलाय, त्यांना विचारून उद्या टाकतो.